चौथी जागा

कीबोर्डात पाचच जागा.
पहिलीत वरात. दुसरीत अक्षता पडताना वाजवायचं.
तिसरीत उद्याच्या नवऱ्याकडचं, कागलवाल्यांनी सांगितलेलं.
पाचवीत नुसता एक सा,
मशीन ठिकाणावर आहे का बघायला, तिला हात लावत नाही मी.
चौथीत कोण आहे, माहीत नाही.

संकेश्वरला घेतला, जुना, साडेसहा हजारांना.
बाळगोंडा मगदूमनं चादरीत बांधून दिला,
पैसे दोनदा मोजले,
"आत काही नाही," म्हणाला, बसकडे बघत.
निपाणीत येऊन चादर सोडली तर
पांढऱ्या पट्ट्यांवर डिंकाचे चौकोन.
कुणीतरी सा रे ग चिकटवून शिकत होतं.

चौथीतली चाल साधीच, दोन बोटांची.
नवव्या सुराशी थांबते.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा नवव्याशी.
असं चार वेळा,
मग एकच पट्टी दाबून धरलेली, खूप वेळ,
मेमरी संपेपर्यंत.

मशीनला आवाज ठेवता येत नाही कुणाचा.
ते एवढंच ठेवतं: कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ.
खोकला नाही, खोली नाही,
स्वयंपाकघरातून कुणी हाक मारली असेल तर ती नाही.
मी बासरी लावून ऐकलं, व्हायोलिन लावलं,
एकदा गंमत म्हणून ढोल लावला.
थांबणं तेवढंच राहिलं. तसूभर हललं नाही.

उद्या बेडकिहाळला लग्न.
नवरी अथणीची, तिच्याकडच्यांना कन्नड गाणं पाहिजे,
आणि ते ठेवायला जागा नाही.
ऑक्टापॅडच्या वायरी गुंडाळत मल्लेश म्हणाला,
"अळिसिबिडरी मास्तर, याक इट्कोंडीरी?"
पुसून टाका की, कशाला ठेवलंय.

अळिसु.
शाळेत असल्यापासून हा शब्द माझ्या कानावर आहे.
अळिसु म्हणजे पुसणं.
अळिसु म्हणजे रडवणंसुद्धा.
कुणी कुणाला काय केलं हे
पुढचं वाक्य येईपर्यंत कळत नाही.

पुसण्याचं मला काही नवल नाही म्हणा.
चौकातल्या पाट्या रातोरात रंगवलेल्या बघत वाढलो मी.
कधी ह्यांनी, कधी त्यांनी, डांबरसुद्धा एकाच दुकानातलं.
दोन उन्हाळे गेले की खालचं अक्षर
हळूच वर यायचं.
ह्या मशीनवर ऊन पडून काही वर येणार नाही.
इथलं गेलं की गेलं.

रात्री वखारीच्या बाजूनं तंबाखूचा वास येत होता.
कानाला हेडफोन लावून बसलो.
तीस वर्षं वाजवतोय, आणि दोन बोटांची चाल
हातात यायला दीड तास गेला.
सूर सोपे होते. थांबणं जमेना.
मी थांबायचो तो मोजून,
ते थांबणं न मोजलेलं होतं.
शेवटी बायको आत झोपेतच कूस बदलताना
काहीतरी पुटपुटली, माझं लक्ष गेलं,
आणि बोट तिथंच उचललं गेलं, अगदी बरोबर.

मग बटण दाबलं.
मशीननं विचारलं, शुअर?
यस.
परत विचारलं.
माणसं एवढ्यांदा विचारत नाहीत.
चौथीपुढं रिकामी रेघ आली.
तिच्यात अथणीचं गाणं भरलं, साडेतीन मिनिटांचं, झकास.

दुपारी मांडवात
पंगती बसल्या होत्या, कुणी ऐकत नव्हतं,
मी हलकं हलकं काहीतरी वाजवत होतो.
नवव्याशी हात थांबला.
मल्लेशची काठी हवेतच राहिली.
"चुकलं काय, मास्तर?"

नाही रे.
ती जागाच तशी आहे.