निळा दिवा

निवती बंदराला लागून आवडाबायची खानावळ.
सहा टेबलं, वर पत्रा, फळ्यावर
सुरमईचा आकडा, रोज खडूनं बदलणारा.
घटस्थापनेच्या आठवड्यात, कापणी तोंडावर असताना,
मी तिथे तो निळा दिवा टांगला.
कुडाळहून आणलेला. वॉरंटी सहा महिने.

मी वायरमन. आतलं मला ठाऊक.
दोनशेतीस व्होल्ट आत घेतो,
मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर त्याचे दोन हजार करतो
आणि शेजारी शेजारी ताणलेल्या तारांत
नुसते उभे करून ठेवतो.
दोन तारांत अंतर भाताच्या दाण्याएवढं.
तेवढ्या हवेतून वीज उडी मारत नाही.
मग कुणीतरी येतं, ओल्या अंगाचं,
आणि त्या अंतरावर साकव होऊन पडतं.

चर्र.

पहिल्या रात्री आवडाबाय प्रत्येक आवाजाला म्हणायची,
"गेलो एक."
कोल्हापूरची गिऱ्हाइकं मोजत बसली, अठ्ठावीसपर्यंत.
मग त्यांच्यातल्या एकाच्या सोलकढीत
अर्धा पंख तरंगताना दिसला
आणि दिवा मला दाराबाहेर हलवावा लागला.
दिव्यामागे एक पाल राहायला आली,
आठवड्यात अंगानं भरली.

पाचव्या सकाळी तिनं खालचा ट्रे
पेपरावर पालथा केला
आणि सोडे निवडावेत तशी निवडत बसली.
पतंग, राखाडी, पिठूळ.
ढालकिडे. शेतातले तुडतुडे, चिमूटभर नव्हे, ओंजळभर.
एक हिरवा, जाळीच्या पंखांचा, काचेसारखा,
ज्याचं नाव तिलाही येईना, मलाही.
डास तीन.

तिनं लुगडं घोट्यावर उचलून मला पाय दाखवले.
"पतंग मारूक पैसे दिलंय मी?"

मग मी सांगितलं, जे लावण्याआधी सांगायला हवं होतं.
पतंगाला वरचा उजेड म्हणजे आभाळ.
त्याच्याकडे पाठ करून उडायचं, एवढंच तो जन्मापासून जाणतो.
आभाळ भिंतीवर आलं की वळत राहतो,
वळत राहतो.
डासाची मादी उजेडाला तेवढी भुलत नाही.
ती येते श्वासावर, घामावर, अंगाच्या उबेवर.

"मगे ह्या दिव्यान श्वास घेवक व्हयो,"
आवडाबाय म्हणाली, आणि पेपर चुलीत घातला.

त्या रात्री भालू, तिचा नवरा, माझ्यासमोर जेवायला बसला.
दिवसभर रापण ओढून आलेला,
हाताला दोराचे वळ.
चर्र झालं. त्यानं मान वर केली.
पुन्हा झालं.
घास हातात तसाच ठेवून तो दिव्याकडे बघत राहिला,
मग दाराबाहेर, काळोखात,
जिथे बंदरापलीकडे पांढऱ्या दिव्यांची रांग
पाण्यावर गाव वसल्यासारखी उभी होती.

"तां नि ह्यां एकच," तो म्हणाला.
"बांगडो, तारली, म्हाकूल, कालची पिल्लांसुद्धा,
सगळी वर येतत उजेड बघून.
रापणीक गावता काय तर फेस."

मी आमटी भातात कालवली.
गेल्या जानेवारीत मालवणला, रात्री दहानंतर,
एका बोटीवर जनरेटरपासून दिव्यांपर्यंत
सगळी वायर मी ओढली होती.
चार हजार, रोख, शिवाय एक किलो कोळंबी.
भालूनं विचारलं नाही.
मी मासा उलटा केला, काटे काढत राहिलो.

आवडाबायनं बटण बंद केलं.
काही पतंग तरीही थोडा वेळ
विझलेल्या नळीभोवती घुटमळले,
मग एकेक करून भातशेताकडे गेले.
पाल बराच वेळ तिथेच.
माझ्या मानेवर एक डास बसला,
त्याला माझा पत्ता विचारावा लागला नाही.

समुद्रातली रांग पेटलेलीच होती.
त्यातल्या एका बोटीचं बटण कुठे आहे
ते मला माहीत आहे:
केबिनमध्ये शिरताना डाव्या हाताला,
लाल, जरा घट्ट,
अंगठ्यानं जोर लावावा लागतो.