नोव्हेंबरची पट्टी

म्हसरूळच्या प्रशिक्षण केंद्रात एसी चालू आहे
आणि मी स्वेटर आणलेला नाही.
बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर.
शेजारी निफाडकडचे क्लार्क, गवांदे,
पेनाचं टोपण काढतात, लावतात,
जेवायला कधी सोडणार म्हणून दोनदा विचारतात.

मुजावर सर फळ्यावर आडव्या पट्ट्या ओढतात.
वर महिने, डावीकडे कामं.
प्रत्येक कामाला सुरुवात असते, म्हणतात,
आणि प्रत्येक कामाला शेवट.
एकोणीस वर्षं सुरगाण्यात आहे मी.
शेवट झालेलं एक काम आठवून पाहते.
देवी?
त्या तर मी जन्मायच्या आधीच गेल्या.

शब्द उतरवून घेते.
उद्दिष्ट. निष्पत्ती. गृहीतक. भागधारक.
भागधारक म्हटलं की मला पतसंस्थाच दिसते,
तरी लिहिते: सरपंच, आशा, अंगणवाडीची ताई,
भगत,
मग जरा थांबून: सासू.

मग क्रिटिकल पाथ.
ज्या कामाला एक दिवस उशीर झाला
की मागचं सगळंच लांबतं, ते काम शोधा.
मी लिहिलं: चंद्री गावित.
सर वाकून बघतात. हे नाव आहे मॅडम, काम नाही.
हो सर. पण तिला ताप आला
की तीन पाडे थांबतात.
वर्ग हसला. सर हसले नाहीत,
काही बोललेही नाहीत.

माझा प्रकल्प: रक्तक्षय, गरोदर माता, बारा पाडे.
ऑगस्ट नोंदणी. सप्टेंबर गोळ्या. नोव्हेंबर फेरतपासणी.
पट्ट्या सरळ आल्या, पट्टीनंच ओढल्या होत्या.
छान, म्हणाले सर, आणि पुढच्या बाकाकडे गेले.

नोव्हेंबरची पट्टी निळी, जाड.
तिच्याकडे बघत राहिले.
नोव्हेंबरात पाड्यावर असतं कोण?
भात झोडून झालं, दिवाळी सरली
की पहाटे पिकअप येतात,
दाराला काटकी लावून बाया जातात
दिंडोरीला, मोहाडीला, पिंपळगावला,
द्राक्षाच्या विरळणीला.
मांडवाखाली दिवसभर हात वर करून उभ्या,
पोटात सहावा, सातवा, कुणाचा आठवा.
मागच्या वर्षी एकतीस जणी.
मी रजिस्टरला लिहिलं होतं: गैरहजर.
खाली सही केली होती.

चिमी भोयेचं हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन.
परवाच म्हणाली, बाई, गोळ्या द्या,
पण मी दिवाळी झाली की जाणार.
उचल घेतलीये.

हात वर केला.
सर, यात जागेला रकाना नाही.
जागा गृहीत धरलेली असते, म्हणाले,
आणि स्वतःच थबकले.
मार्कर झटकला, वाळला होता.
दुसरा घेतला, एक उभी रेघ मारली,
वर लिहिलं: कुठे?

तालुका बदलला की हद्द बदलते, मी म्हटलं,
निधी आमचा, बाया तुमच्याकडे.
हे कुणाला म्हणाले, कोण जाणे.
टोपणाचा आवाज बंद झाला.
गवांदे म्हणाले, आमच्या शेजारच्याच बागेत
तुमच्याकडची टोळी असते.
सहाला हजेरी, ट्रॅक्टरपाशी.
मुकादमाचा नंबर आहे माझ्याकडे, घ्या.
आणि हे बघा, आमच्या केंद्रात मीटर पडून आहे,
स्ट्रिप्सची मुदत मार्चपर्यंत.
पत्र तेवढं वरून यायला पाहिजे.
पत्राचा मसुदा मी करतो,
ते मला येतं.

जेवणाची सुट्टी झाली तरी
आम्ही दोघं तक्त्यावर वाकलेले.
खोडरबरानं निळं जात नाही, नुसतं पसरतं.
त्याच डागावर लिहिलं:
मोहाडी, सायंकाळी सहा, ट्रॅक्टरपाशी.

जबाबदार व्यक्ती, या रकान्यात
दोन नावं मावत नव्हती.
गवांद्यांनी आपलं बारीक अक्षरात लिहिलं.

चिमीला नववा लागेल डिसेंबरात.
पट्टी कुठपर्यंत न्यायची
ते अजून ठरलेलं नाही.