ओढ

चिलोए बेटावर घर हलवायचं म्हणजे
खरोखरच घर हलवायचं.
खाली ओंडके सरकवायचे, तुळयांना दोर बांधायचे,
गावातले सगळे बैल जुंपायचे
आणि ओहोटी साधायची.

रोसामेल कार्कामोचं घर मी दोन दिवस टिपलं,
फोर-के, सेकंदाला पन्नास फ्रेम.
दुसऱ्या रात्री कास्त्रोच्या खोलीत,
खाली खांबांना समुद्र चाटत असताना,
फाइली उतरवल्या. तीनशे बारा जीबी.
लॅपटॉप पुएर्तो माँतहून आणलेला, सेकंडहँड,
आधीच्या मालकाने 'ए' झिजवून ठेवलेला.

प्ले दाबलं.
पहिल्या जोडीने मान खाली घातली, पाय उचलला,
आणि पाय तसाच हवेत.
आवाज पुढे निघून गेला.
माणसं ओरडतायत, दोर करकरतोय,
बैल अजून त्या एका पावलाचा विचार करतोय.
पंखा असा घरघरला
की मांजर चुलीपासून उठलं
आणि लॅपटॉपला टेकून झोपलं.

प्रीव्ह्यू अर्ध्यावर आणला, मग पावावर.
खाली दोन लाकडी चमचे सारले, वारा लागावा म्हणून.
शेवटी शिव्या दिल्या,
ज्या नोल्बेर्तो बैलांनाही देत नाही.

नोल्बेर्तो.
घर भर किनाऱ्यात रुतलं होतं,
सोळा बैल, साठ माणसं, भरती दीड तासावर.
कुणीतरी चाबूक उगारला.
हा म्हणाला, "जनावराला काय विचारता?
घराला विचारा, पोटात काय आहे."
मग आतून बिडाची चूल निघाली,
दारं, तावदानं,
आणि बटाट्याचं एक पोतं, जे कुणीच कबूल करेना.
घर उठलं.

रात्री एक वाजता मी प्रॉक्सी बनवायला लावल्या.
वर्गात दुसऱ्याच्या नावाने "हजर" म्हणतो ना,
तसला पोरगा:
हलका, फिकट, कडा विरलेला,
पण नाव तेच, वेळ तीच.
उजाडेपर्यंत मांजर गरम राहिलं.
सकाळी बैलाने पाय खाली ठेवला.

आता डिस्कवर नऊ जीबी उरले होते,
काहीतरी टाकणं भाग होतं.
क्लिप शहात्तर. घर चौकटीबाहेर जातं,
माणसं त्याच्यामागे,
आणि मीही धावते, कॅमेरा तिपाईवर विसरून.
पुढे अकरा मिनिटं कुणीच नाही.
सतरा जीबी कुणीच नाही.
बोट डिलीटवर होतं, तेवढ्यात दार वाजलं.

रोसामेल. टोपी हातात, बादलीत शिंपले.
त्याला प्रॉक्सीच दाखवल्या, जरा ओशाळून.
मोतीबिंदूचे डोळे बारीक करून म्हणाला,
"छान आहे की. मला असंच दिसतं."
मग बराच वेळ काही नाही.
"यास्ना, घर गेल्यावर काय झालं?"
नव्या जागी टेकलं. जेवणं झाली. तुम्ही नाचलात.
"ते नव्हे. तिथं. मागे."

शहात्तर लावली. प्रॉक्सी नाही, मूळ.
एकेक फ्रेम अडखळत आली
आणि या आठवड्यात पहिल्यांदाच
मला घाई नव्हती.
गवतात एक चौकोन, चाळीस वर्षं ऊन न पाहिलेला.
पायाचे दगड. वाफ.
"तिथं काय चमकतंय?"
दोनशे टक्के मोठं केलं. चित्र फुटलं नाही.
त्याने नाक पडद्याला लावलं.
"चमचा," तो म्हणाला.
"ब्रुनिल्दाला वाटायचं, मी विकून प्यायलो."

जाताना खिशातून पेनड्राइव्ह काढला,
नातवाचा, माशाच्या आकाराचा. सोळा जीबी.
मी आकडे सांगितले. तो माशाकडे बघत राहिला.
"एखादं मिनिट कापू?" मी विचारलं.
"कुठलं?" तो म्हणाला.