मानस, पान एकेचाळीस

सांतळे गावाचा इतिहास बहात्तर पानांचा.
सगुण मास्तरांनी लिहिला,
पेन्शनीच्या पैशांतून फोंड्याला छापून घेतला,
तीनशे प्रती,
आणि मागे चिकटवलं गुलाबी शुद्धिपत्र:
तेवीस चुका. पैकी दोन शुद्धिपत्रातल्याच.

बऱ्याचशा प्रती लग्नांत आहेर म्हणून गेल्या.
बाकीच्या जावयाच्या माळ्यावर वाळवीने वाचल्या, अथपासून इतिपर्यंत.
एक माझ्याकडे.
पंचायतीचं वाचनालय, संध्याकाळी चार ते सात,
पंखा एक, वाचक त्याहून थोडे जास्त.

प्रकरण सहावे: मानस.
बाहेरच्यांनी मानस म्हणजे मन समजू नये.
आमच्याकडे मानस म्हणजे बांधातलं दार,
खाजनातलं गोडं पाणी बाहेर सोडणारं,
नदीचं खारं पाणी आत येऊ न देणारं.
(मनाला असं दार असतं तर, हा विचार मास्तरांनी
केला असणार. छापला नाही.)

मास्तर लिहितात:
मानस कोमुनिदादीने बांधली.
भरतीला फळ्या टाकल्या जात.
सुकतीला फळ्या उचलल्या जात.
कोण टाकत होतं? कोण उचलत होतं?
कर्मणी प्रयोग.
गावकरांची यादी मात्र साडेतीन पानं,
जोण कुणाला किती, तेही रुपये-तांगांसकट.

देवघेवीच्या वहीत हे पुस्तक
एकाच नावावर एकसष्ट वेळा:
पास्कू फुर्ताद. धंदा: पांयणी.
बांधावर रात्र काढणारा माणूस,
विडीच्या वासाचा, पुस्तक पिशवीत घालून आणायचा.
मी म्हणायचे, केवढं हे इतिहासाचं प्रेम!
उशिरा आणलं तरी दंड घेतला नाही कधी.

त्याच्या मयताला त्याची इश्पेरांस म्हणाली,
बाय, पायला मराठी वाचता येत नव्हतं गो.
प्रिमेर ग्रावपर्यंत पोर्तुगीज,
तेही पास नाही.

घरी न जाता वाचनालय उघडलं. दिवस सुट्टीचा होता.

पान एकेचाळीस. मानशीचा फोटो,
काळा-पांढरा, काळाच जास्त.
उजव्या कडेला कापलेला एक खांदा,
खांद्यावर कांबळ.
तिथून सुरू होतं पेन्सिलीचं बारीक रोमी अक्षर,
समासातून वर, समासातून खाली,
गावकरांच्या यादीला वळसा घालून
देवळाच्या जीर्णोद्धारापर्यंत, चर्चच्या घंटेपर्यंत:
चंद्राची कोर जेवढी दिसली तेवढी काढलेली,
पुढे वेळ, पुढे पाणी कितव्या फळीला.
अकरा वर्षं.
मध्येच एके ठिकाणी: तिसरी फळी कुजली, सांगितलं.
सहा महिन्यांनी: परत सांगितलं.

आता मास्तरांची जन्मशताब्दी. दुसरी आवृत्ती.
छापखान्यातल्या मुलाचा फोन:
बाई, कडेची घाण पुसून टाकू ना?
समितीत मी विषय काढला.
मास्तरांचे चिरंजीव म्हणाले, विद्रुपीकरण.
सरपंच म्हणाले, चहा घ्या.
मुलाला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही,
पुस्तक छापून आलं,
पांढरेशुभ्र समास, गुळगुळीत,
शुद्धिपत्र नाही, तेवीसच्या तेवीस चुका तशाच.
खांदाही गेला. फोटो नीट कापून घेतला म्हणे.

जुनी प्रत मी कपाटात ठेवत नाही.
ती माझ्या पिशवीत असते.

काल पंचमी होती.
दुपारी जेवण आटपून बांधावर गेले,
पिशवी गुडघ्यावर, पान एकेचाळीस उघडं.
पास्कूची पंचमी: तीन वाजून दहा, दुसरी फळी.
हातातल्या घड्याळाकडे बघत बसले.
एक खंड्या येऊन दारावर बसला, उडाला, परत बसला.
पाणी दुसऱ्या फळीला लागलं
साडेतीनला.

वीस मिनिटांचा फरक.
त्याचं घड्याळ पुढे असेल, किंवा नदी बदलली असेल.
पेन्सिल नव्हती. पेनानेच
त्याच्या ओळीखाली लिहिलं,
देवनागरीत, माझ्या अक्षरात,
आणि वाचनालय उघडायला उशीर झाला.