एल-फोर, एल-फाइव्ह

परळला, एमआरआयच्या बोगद्यात
पंचवीस मिनिटं हलू नका म्हणाले.
मी मनातल्या मनात प्रॅक्टिकल घेतलं:
अ‍ॅम्फिऑक्सस, आडवा छेद, स्लाइड नंबर सात.
वर चेतारज्जू, पोकळ.
त्याखाली पृष्ठरज्जू, भरीव.
पोरं दरवर्षी उलटं काढतात.

रिपोर्ट आला: चकती सरकली,
आतला गर नसेवर टेकलाय.
डॉक्टर गर समजावून सांगू लागले,
म्हटलं, राहू द्या, ओळखते मी त्याला.
आईच्या पोटात होते तेव्हा
माझ्या पाठीत एक दोरी होती,
गळ्याशी कल्ल्यांच्या खुणा, मागे बोटभरही नसलेलं शेपूट.
मग मणके आले, दोरी विरली,
मणक्यामणक्यांत तिचा थोडा ऐवज राहिला.
तीस वर्षं फळ्यावर जिचं चित्र काढलं
तिनंच शेवटी धरलं.

आता चटईवर उताणी. छताला तीन पोपडे.
दुपारी तांडेल आला, आमचा लॅब अटेंडंट,
हातात लोणच्याची बरणी, तीत खारं पाणी.
"पुतण्याची बोट वर घेतलीय ससून डॉकला.
तळ खरवडताना निघालं हे.
मॅडम, हा चिकट गोळा तुमच्यात कसा काय धरता?"

हर्डमानिया. चामड्याची पिशवी, दोन तोंडं.
म्हटलं, लहानपणी याला शेपूट असतं,
शेपटीत दोरी, पोहत फिरतं.
मग बरी जागा दिसली की डोकं टेकवून चिकटतं
आणि शेपूट, दोरी, सगळं स्वतःतच जिरवतं.
"म्हणजे क्वार्टर मिळाल्यासारखं," तांडेल म्हणाला.

मग तो बोटांवर आमचं कपाट मोजत बसला,
धूळ त्यानंच पुसलेली:
जबडा नसलेला चक्रमुखी, त्याच्या शेजारी मुशी,
बेडूक, आता कापायला बंदी म्हणून पिवळा पडलेला,
पाल, झाकण सैल,
कबूतर तर खिडकीतच, फुकटचं.
"आणि सस्तन?"
"दोन. एक चटईवर, एक चहाची वाट बघतंय."
हसले, तर कळ पार टाचेपर्यंत गेली.

त्यानं बरणीत बोट घातलं.
गोळ्यानं पिचकारी मारली,
थेट एमआरआयच्या फिल्मवर,
माझ्या पाचही मणक्यांवर खारं पाणी.

"फॉर्मॅलिनमध्ये घालू?"
नको रे. जाताना धक्क्यावर सोड.
आणि जायच्या आधी जरा हात दे,
कुशीवर वळायचंय.