काचपट्टी क्रमांक ४१७

ग्रोनिंगनच्या त्या प्रयोगशाळेत
मी एकोणतीस वर्षं काचा धुतल्या,
आणि वीब्रिख हाइत्स्मा त्या काचांवरची
माणसं वाचत बसली.

वाचत म्हणजे मोजत.
डावा डोळा भिंगाला, उजवा उघडाच,
बोटांखाली पाच कळांचं यंत्र :
टक. टक. टकटक. टक.
शंभर पेशी भरल्या की घंटी वाजे
आणि ती दर वेळी दचके,
दारात कुणी आल्यासारखी.

निरोगी रक्तात पांढऱ्या पेशी
ओहोटीच्या चिखलात उतरलेल्या बगळ्यांसारख्या,
इथे एक, तिकडे दोन.
आजारी रक्तात थवेच्या थवे,
आणि सगळे पोरसवदा,
मोठं व्हायचं विसरलेले.

कुणी म्हणालं, बाई, तुम्ही रक्ताचं पाणी केलंत,
तर ती विचारी : किती टक्के?

चारशे सतरा म्हणजे येल्ले.
एकाहत्तरचा फेब्रुवारी. वय सहा.
बापाची होडी होती, वामी धरायची.
माझ्या रक्तात कोणता रंग घालता, त्यानं विचारलं.
जांभळा.
मग निळा का नाही?
पुढच्या काचेवर तिनं निळा जरा जास्त ओतला.
शास्त्राच्या हिशेबी ती काच वाया गेली.
तीच तिनं ठेवली.

अकरा आठवडे.

मग नऊ वर्षं ती एका विषाणूच्या मागे.
कोंबड्यांत सापडला, मांजरांत सापडला,
तर मुलांतही असणारच,
असं तेव्हा पुष्कळांना वाटे.
नव्हता.
ऐंशीच्या हिवाळ्यात, परिषदेत उभी राहून,
सव्वा मिनिटात तिनं ती नऊ वर्षं परत घेतली.
टाळ्या नाहीत. मागे कुणीतरी खोकलं.
परतीच्या गाडीत मला अर्धं सँडविच दिलं
आणि म्हणाली,
फ्रीजरचं दार नीट लावलंस ना?

त्या फ्रीजरमध्ये तिची सगळी चूक होती,
सहाशे बारा बाटल्या, तिच्या तिरप्या अक्षरात.
टाकून द्या, वरचे म्हणाले, जागा लागते.
ती ऐकू न आल्यासारखं करी.
कानानं ती ठणठणीत होती.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत वीज गेली,
बाहेर वादळ, जनित्र मुकं.
तिनं आइस्क्रीमच्या कारखान्याचा रखवालदार उठवला.
त्याच्या पोराची घसरगाडी,
तिच्यावर कोरड्या बर्फाची पोती,
ती पुढे दोरी ओढतेय, मी मागून ढकलतेय,
कालव्याकाठी तीन वेळा आपटलो.
तिसऱ्यांदा ती बर्फात बसून हसली.
मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच,
म्हणजे आणखी एकदा असेल, आठवत नाही.

मी निवृत्त झाले. तीही.

पुढे मेरेल नावाची एक मुलगी आली,
तिनं त्या बाटल्या एकेक करून उघडल्या.
चारशे सतरामध्ये
दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे
एकमेकांशी बदलून घेतले होते.
विषाणू नव्हे. एवढीशी अदलाबदल.
तिच्यावर आता गोळी आहे :
रोज, जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर.
सगळ्यांना लागू पडत नाही.
येल्लेला पडली असती का,
हे बाटलीत लिहिलेलं नव्हतं.

वृद्धाश्रमात आम्ही दोघी सांगायला गेलो.
हाइत्स्मानं शेवटपर्यंत ऐकलं.
किती टक्के मुलं वाचतात, तिनं विचारलं.
मेरेलनं आकडा सांगितला.
पुन्हा मोजलंस?
दोनदा.
तिसऱ्यांदा मोज.

मग उशाखालून रुमालाची पुरचुंडी काढली.
काच खिडकीकडे धरली.
नुसत्या डोळ्यांना काय दिसणार?
एक निळसर डाग,
त्यामागे कालवा, बांधलेली होडी, कुणाची तरी सायकल.
बराच वेळ धरून हात थरथरला
तेव्हा ती माझ्या ओंजळीत ठेवली.

ही धुऊ नकोस हं, ती म्हणाली.
मला.