तसूभर मागे

इल्मोने चाकं काढली त्या सकाळी
मी स्वयंपाकघरातला तराजू शोधत होते.
तो गॅरेजात सापडला, त्यावर विमानाची शेपटी.
पावाचं पीठ तसंच भांड्यात फुगत राहिलं.

सव्वादोन मीटर पंखांचं, पिवळं,
वीस उन्हाळे पोरांना शिकवणारं.
डाव्या पंखाखाली वाल्तेरीचं ठिगळ, तो बर्चमध्ये घुसला होता.
नाकाशी आरमासचं.
शेपटीला जुळ्यांचं एकेक, एकाच रविवारचं.
गावातलं कुणी आठवेनासं झालं
की मी पंख उलटा करून बघते.

मैदान लाकडाच्या गिरणीने घेतलं.
धावपट्टीवर आता ओंडके, सोललेले, उघडे.
आम्हाला उरलं तळं.
ते मात्र घराच्या तिन्ही बाजूंनी उरलंय.

तो फ्लोट म्हणतो, मी खडावा म्हणते.
निळा फोम तापल्या तारेने कापला,
काचेच्या कापडात गुंडाळला, पांढरा रंगवला,
आणि तीन दिवस घराला रेझिनचा वास.
प्रत्येक खडावेच्या पोटाला एक पायरी.
ती तोलाच्या बिंदूपासून तसूभर मागे हवी.
पुढे सरकली तर विमान शेपटीवर बसतं,
फार मागे राहिली
तर पाणी सोडवत नाही त्याला.
हे इल्मो मला दोनदा सांगतो.
दोन्ही वेळा पट्टी हातात, डोळे तळ्याकडे.

शेपटीखाली एक जादा पर.
हेरिंगच्या डब्याच्या पत्र्याचं सुकाणू.
रिसिव्हरवर नातीच्या वाढदिवसाचा उरलेला फुगा,
लाल, तोंड दोऱ्याने आवळलेलं.
पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात.
इल्मोचा त्यावर विश्वास नाही.

ऑगस्टातला शनिवार. वारा शून्य.
पलीकडची झाडं पाण्यात उलटी, पानन्‌पान मोजता येईल अशी.
मला वाटलं, काय सुंदर.
तो म्हणाला, वाईट. आरशावर उतरताना
उंची कळत नाही, माणूस हवेतच टेकायला जातो.
मग, काही न बोलता, वल्ह्यांकडे बघितलं.

म्हणजे एकसष्टाव्या वर्षी माझं काम हे:
होडी घेऊन दोन फेऱ्या मारायच्या,
तळ्याला सुरकुत्या पाडायच्या.
पाडल्या.

आधी ते नांगरासारखं चाललं, नाक वर, मागे फेस.
मग पायरीवर चढलं, आवाज बदलला,
खालचं पाणी पातळ होत गेलं
आणि एकदम
नव्हतंच.
दोन खडावांतून दोन धारा गळत होत्या,
माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा
एक थेंब चष्म्यावर.

उतरलं. एकदा उसळलं, पुन्हा टेकलं.
इंजिन मध्येच बंद,
आणि ते वाऱ्याकडे तोंड करून बसलं
(वारा आला होता एवढ्यात, कुणी न बोलावता).
मी वल्हवत गेले, हात घातला,
आणि डावं वल्हं निसटून खडावेवर आदळलं.
ठक्‌.

काठावरून इल्मो: काय झालं?
पांढऱ्या रंगात खाच, अंगठ्याएवढी,
आतला निळा फोम दिसतोय.
मी अंगठा लावून बघितला. बरोबर बसला.

काही नाही, ओरडले,
आणि विमान मांडीवर घेऊन
सावकाश, अगदी सावकाश परतले.